वडसा ते सिरोंचा: गडचिरोलीचा भूगोल, नद्यांच्या काठानं

धानबांधी (शनिवार, रात्री ९.४०)

मागच्या आठवड्यात ऑफिसात चहाच्या वेळी एकानं विचारलं, "काय रे, तुमच्या गडचिरोलीत पूर आलाय म्हणे. घरचे बरे आहेत ना?" बातमी भामरागडची होती. माझं घर आरमोरीकडं. तरी फोन लावला, तर आई म्हणाली, "कायचा पूर! पान्यावाचून रोवना अडला हाये इथं." रोवना म्हणजे धानाची लावणी.

जिल्हा एक, दिवस एक. ऑफिसातल्या मित्राला हे पटवता पटवता चहा गार झाला, म्हणून हा धागा.

आधी आकाराचा अंदाज घ्या. गडचिरोलीचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याएवढे जवळपास चार. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा काढला. तालुके बारा. २०११च्या जनगणनेत लोक १०,७२,९४२, म्हणजे चौरस किलोमीटरला ७४ माणसं. वडसा (कागदावर देसाईगंज) ते सिरोंचा हे अंतर अडीचशे किलोमीटरच्या वर आहे. पुण्याहून कोल्हापूरला जाऊन वर वडगाव-कागल करून या, तेवढं. आणि एवढ्या जिल्ह्याला कित्येक वर्षं रेल्वे स्टेशन एकच: वडसा. तिथून गडचिरोलीपर्यंत बावन्न किलोमीटरचा मार्ग टाकणं चालू आहे.

लोक आमच्याकडं बघतात ते जंगल म्हणून. माझं म्हणणं, हा जिल्हा समजायचा तर नद्या बघाव्यात. पश्चिमेची शीव वैनगंगा, मग प्राणहिता. दक्षिणेची गोदावरी. आग्नेयेला इंद्रावती. तीन बाजूंना पाणी, आणि गंमत म्हणजे यातली एकही नदी आमच्याकडं उगम पावत नाही. वैनगंगा मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यात निघते, इंद्रावती ओडिशात कालाहांडीला आणि गोदावरी कुठून येते हे नाशिककरांना सांगायला नको. त्यामुळं आमच्या पुराचं पाणी बहुतेकदा आमच्याकडं पडलेलंच नसतं.

२०२०चा ऑगस्ट संपत आला होता तेव्हाची गोष्ट. लॉकडाउनमुळं मी गावीच होतो. आमच्याकडं चांगलं ऊन. वर वैनगंगेच्या खोऱ्यात जोराचा पाऊस झालेला आणि भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडलेले. आमचं गाव वैनगंगेवर नाही, तिला मिळणाऱ्या गाढवीच्या बाजूला आहे. पण मोठी नदी तुडुंब झाली की लहान नदीला आपलं पाणी टाकायला जागाच उरत नाही. गाढवी उलटी फिरली. काकांनी बांधीच्या (धानाच्या शेताच्या) धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तुराटीची एक काडी रोवली आणि बिडी पेटवली. बिडी संपायच्या आत पाणी काडीच्या बुडाशी आलं, आणि आम्ही घरी जाऊन जेवून परत आलो तेव्हा काडी दिसत नव्हती. आवाज काही नाही. पूर म्हणजे घोंघावत येतो असं मला शहरात राहून वाटायला लागलं होतं. हा गाईसारखा हळू चालत आला आणि पोटरीला आलेला धान गिळून तीन दिवस बसून राहिला. पाणी ओसरल्यावर जो वास येतो तो ज्यानं घेतलाय त्यालाच कळेल.

आता उत्तरेचा भाग, म्हणजे वडसा, आरमोरी, कुरखेडा, गडचिरोली, थोडा चामोर्शी. ही धानाची पट्टी. बांध्या, त्यांचे धुरे, धुऱ्यावर तूर, आणि कापणीच्या आधी उभ्या धानातच फेकलेली लाखोळी (लाख डाळ). तिला आम्ही उतेरा म्हणतो. जमिनीतल्या उरल्या ओलीवर येते, नांगर लागत नाही. पाणी साठवायला प्रत्येकाची लहान बोडी आणि गावाचा मोठा तलाव. हे मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव, भंडारा-गोंदियापासून आमच्यापर्यंत हजारोंनी आहेत. गोंड राजांच्या काळापासूनची ही विद्या. कोहळी लोक त्यात पारंगत. उतार बघून मातीची पार अशी घालायची की वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात जावा. मालगुजारी (जुनी जमीनदारी) गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि गाळ मात्र कुणाच्याच खात्यात जमा झाला नाही. तो तळाशीच आहे. इटियाडोह धरणाच्या कालव्याचं पाणी मिळतं ते सुखी. बाकीच्यांची नजर आभाळाकडं.

आरमोरीचा कोसा, म्हणजे रानरेशीम, तुम्ही ऐकला असेल. तो येनाच्या (ऐनाच्या) झाडावर होतो, आणि तो पाळणारे बहुतेक ढीवर, म्हणजे पाण्यातले मासे धरणारेच लोक. पावसाळ्यात झाडावर अळ्या, इतर वेळी तलावात जाळं. जंगल आणि तलाव हे दोन वेगळे धंदे नाहीत, हे आमच्याकडं असं एका घरात दिसतं.

गडचिरोली शहराजवळ कठाणी वैनगंगेला मिळते. आणखी खाली मार्कंड्याला वैनगंगा वळसा घेऊन उत्तरेकडं वाहते, म्हणून तिथं एवढी देवळं आणि महाशिवरात्रीची जत्रा. त्याच्याही खाली चपराळ्याला वर्धा येऊन मिळते आणि दोघींची प्राणहिता होते. हा संगम साधा समजू नका. वर्धेत पैनगंगा आधीच आलेली असते. म्हणजे बुलढाण्यात अजिंठ्याच्या डोंगरात पडलेला थेंब, यवतमाळचा थेंब, नागपूरचा थेंब, सगळे चपराळ्याच्या खाली एका पात्रात. अकोला-अमरावतीचा पूर्णेकाठ तेवढा तापीबरोबर सुरतेला जातो, बाकी विदर्भ बहुतेक आमच्या दारावरून जातो.

अल्लापल्लीच्या खाली मी दोनदाच गेलोय. तिकडचं तिकडच्यांनीच लिहावं.

मेधा_ठाणेकर (शनिवार, रात्री १०.१५)

मस्त लिहिलंय. पोटरीला आलेला धान म्हणजे? आणि एक शंका. शाळेत आम्हाला "गडचिरोलीत ७६ टक्के जंगल" असं होतं. मुलीच्या प्रकल्पासाठी परवा शोधलं तर ६९च्या आसपास दिसतंय. सात टक्के कुठं गेलं? तोडलं?

धानबांधी (शनिवार, रात्री १०.२२)

पोटरी म्हणजे लोंबी पानाच्या पोटात असते ती वेळ. धान गर्भार असतो असं म्हणा. त्या वेळी दोन-तीन दिवस पाण्याखाली राहिला की लोंबी भरत नाही, नुसता पोचट.

आकडेमोड (शनिवार, रात्री ११.०५)

मेधाताई, दोन्ही आकडे बरोबर आहेत, मोजतात वेगवेगळं. ७६ हा जमिनीच्या कागदाचा आकडा: जिल्ह्यातली एवढी जमीन वन म्हणून नोंदलेली. ६८-६९ हा भारतीय वन सर्वेक्षणाचा, उपग्रहावरून काढलेला. त्यांच्या व्याख्येत एक हेक्टर किंवा जास्त जागेवर झाडांच्या माथ्यांनी दहा टक्के जमीन झाकली असेल तर ते वनाच्छादन. जमीन कुणाची, झाड कुठलं, लावलेलं की आपोआप आलेलं, हे त्यात बघत नाहीत. त्यामुळं वनखात्याची उजाड टेकडी पहिल्यात येते, दुसऱ्यात नाही; आणि खासगी बांबूची बाग दुसऱ्यात येऊ शकते, पहिल्यात नाही.

तोड झालेली नाही असं मी म्हणत नाही. पण हा सात टक्क्यांचा फरक म्हणजे तोड, हे गणित चुकीचं आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर दर पावसाळ्यात फिरतं.

बगळा (शनिवार, रात्री ११.३०)

त्यात झुडपी जंगलाचा घोळ वेगळाच. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत गुरं चरायची पडीक जागा महसूल दप्तरात "झुडपी जंगल" म्हणून लिहिली गेली. पुढं त्यावर शाळा, दवाखाने, अख्ख्या वस्त्या झाल्या. २०२५च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ही जमीन वनच. आमच्या गावची स्मशानभूमी झुडपी जंगलात आहे. मेल्यावर तरी जंगलात राहायला मिळतं, हे काय कमी.

गोदाकाठ (रविवार, सकाळी ६.५०)

धानबांधी भाऊ, चपराळ्याला येऊन थांबलात. जिल्हा तिथं निम्मा होतो. सगळे तिथंच थांबतात, त्याची सवय आहे आम्हाला. मी सिरोंच्याचा. घरी तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात दोन्ही.

गाडीच्या खिडकीतून फक्त गावांच्या पाट्या वाचत या. वर तुमच्याकडं टोला, चक, गाव. अल्लापल्ली आली की पल्ली सुरू: एटापल्ली, रेपनपल्ली, मग जिमलगट्टा, देचलीपेठा, आणि सिरोंच्याच्या बाजूला असरअल्ली, अंकिसा. आमच्याकडं एक गाव आहे ग्लासफोर्डपेठा. इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाचं. कारण एकेकाळी सिरोंचा हे जिल्ह्याचं ठिकाण होतं: मध्य प्रांतातला अप्पर गोदावरी जिल्हा. आज आम्हाला जिल्ह्याच्या कचेरीत एक कागद द्यायला पहाटेची गाडी धरावी लागते आणि साहेब नसले की मुक्काम पडतो.

इंग्रजांना इथं काय हवं होतं? विदर्भाचा कापूस. रेल्वे पसरायच्या आधी त्यांचा बेत होता की कापूस वर्धा-प्राणहिता-गोदावरीतून नावेनं थेट समुद्रावर न्यायचा. पात्रात खडकांचे तीन मोठे अडसर होते. त्यातला सगळ्यात वरचा आपल्या अहेरीजवळ, देवलमरीला. त्यावर बरीच वर्षं पैसा ओतला आणि १८७१मध्ये नाद सोडला. उन्हाळ्यात प्राणहिता आटली की ते खडक बघा. नदी किती सरळ दिसते आणि किती अडेल आहे ते कळतं.

आता संगम. सिरोंच्याला प्राणहिता गोदावरीला मिळते, समोर तेलंगणातलं काळेश्वरम. नाशिक-पैठण-नांदेड करून गोदावरी महाराष्ट्र सोडते हे तुम्ही शिकलात. ती इथं परत येऊन आपली शीव होते हे कुणी शिकवत नाही. उन्हाळ्यात संगमावर उभे राहा. गोदावरीकडून येणारी धार बारीक, कारण वर जायकवाडी, श्रीरामसागर अशी धरणं. प्राणहितेचं पाणी भरपूर. गोदावरीच्या सगळ्या खोऱ्याचा सुमारे तिसरा हिस्सा एकट्या प्राणहितेचा आहे. नाव तिचं जातं, पाणी आमचं जातं. २०२२च्या एप्रिलमध्ये प्राणहितेचं पुष्कर झालं, नदीच्या स्नानाचा मेळा, बारा वर्षांनी येतो तो. तेव्हा सिरोंच्यात पाय ठेवायला जागा नव्हती.

शेती वेगळी. काठाची जमीन गाळाची, काळी. कापूस, मिरची. धानही आहेच. आणि ज्यांना जमीन नाही ते जानेवारीनंतर नदी ओलांडून तेलंगणात मिरची तोडायला जातात. आता वरच्या तालुक्यांतूनही ट्रॅक्टर भरून येतात. तुमच्या धानाची कापणी संपते तेव्हा तिकडची मिरची लाल होते. मजुरांचं कॅलेंडर असं पिकांनी शिवलेलं आहे.

संगमाच्या खाली गोदावरीवर मेडिगड्डा बॅरेज आहे, ८५ दरवाज्यांचं. एक टोक तिकडं, दुसरं आमच्या पोचमपल्लीला. २०१९च्या जूनमध्ये उद्घाटन झालं, २०२३च्या ऑक्टोबरमध्ये त्याचे खांब खचले, ते तुम्ही बातम्यांत बघितलंच. जुलै २०२२च्या पुरात माझी अडीच एकर मिरचीची जागा गेली. पीक नव्हे, जागा. वरची माती वाहून खाली रेती आली. पंचनाम्याला आलेल्या माणसानं रस्त्यावरूनच विचारलं, "किती गेलं?" मी म्हटलं, उतरून बघा. तो म्हणाला, "बूट खराब होतात." पूर कशामुळं एवढा चढला यावर नदीच्या दोन्ही काठांवर अजून भांडण चालू आहे, ते इथं नको.

गेजवाला_काका (रविवार, सकाळी ९.१५)

नोकरीची सात वर्षं या जिल्ह्यात पाणी मोजण्यात गेली. निवृत्त होऊन नागपुरात आहे. भामरागडचं थोडं सांगतो, कारण मूळ प्रश्न तिथून निघाला.

भामरागडला तीन नद्या भेटतात: इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम. यात दादा इंद्रावती. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की तो ओडिशावरून, छत्तीसगडवरून पश्चिमेला सरकतो. पाऊस आधी बस्तरमध्ये पडतो. तुम्ही चित्रकोटचा धबधबा बघितला असेल. तो इंद्रावतीवरच आहे, भामरागडच्या वर. तिथं पाणी लाल आणि रुंद झालं की समजायचं. ते खाली येतं, इंद्रावती फुगते आणि पर्लकोटेला तोंडाशीच अडवते. धानबांधींनी गाढवीचं सांगितलं ना, तोच प्रकार, फक्त दहापट. पर्लकोटेचा जुना पूल ठेंगणा होता. पाणी मागं चढत पुलावर, पुलावरून बाजारपेठेत. २०१९च्या पावसाळ्यात भामरागडच्या दुकानांत एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा पाणी शिरलं. माल माळ्यावर चढवायचा, उतरवायचा, परत चढवायचा.

तिथल्या एका दुकानदाराची पद्धत मला फार आवडली. त्यानं भिंतीवर प्रत्येक पुराची रेघ मारून ठेवली होती, कोळशानं, शेजारी तारीख. सगळ्यात वरच्या रेघेच्या वर त्यानं फळी ठोकली होती आणि फळीवर साखर, मीठ, बॅटरीचे सेल. आमच्या कार्यालयातल्या आलेखापेक्षा ती भिंत जास्त उपयोगी होती. भामरागडला जाणाऱ्या प्रत्येक नव्या साहेबाला मी आधी ती भिंत दाखवायचो.

गेज, म्हणजे नदीची पातळी मोजायचं ठाणं, आष्टीला आहे, वैनगंगेवर, टेकड्याला प्राणहितेवर, पातागुडमला इंद्रावतीवर. रात्री दर तासाला आकडा यायचा. आकडा चढत असला की झोप नाही आणि थांबला की जास्त भीती, कारण मग वाटायचं गेजच गेलं की काय.

आपल्या जिल्ह्यात पावसाळ्यात सरासरी सव्वाशे सेंटिमीटरच्या आसपास पाऊस होतो. कोकणाच्या मानानं काहीच नाही. पण तो दोन-तीन झडींत पडतो आणि शिवाय शेजारचं पाणी येतं.

मेधा_ठाणेकर (रविवार, सकाळी ९.४०)

काका, ती भिंत अजून आहे?

गेजवाला_काका (रविवार, सकाळी ९.५२)

मी शेवटचं गेलो तेव्हा त्यानं रंग दिला होता. रेघा तेवढ्या सोडून.

दगडू (रविवार, दुपारी १२.२०)

भूगर्भवाला आहे, म्हणून दगडाबद्दल लिहिणं भाग आहे. सह्याद्रीकडच्या माणसाला काळा कातळ म्हणजे महाराष्ट्र असं वाटतं. गडचिरोलीत तो जवळजवळ नाहीच. मोठा भाग फार जुन्या, ज्वालामुखीच्या थरांच्याही कितीतरी आधीच्या नाइस-ग्रॅनाइटचा. सुरजागडच्या डोंगरात लोहखनिजाचे पट्टे आहेत ते याच जुन्या खडकांत. दक्षिणेला प्राणहिता-गोदावरीचं खोरं मात्र जमीन खचून तयार झालेलं, गाळाच्या खडकांचं. सिरोंच्याजवळ वडधमला दगड झालेली झाडं उघड्यावर पडली आहेत. खोडाच्या रेषा स्पष्ट. हात लावला की थंड दगड.

याच खोऱ्यात, नदीच्या तेलंगणाकडच्या बाजूला, १९६०च्या सुमारास बरापासॉरस नावाच्या प्रचंड डायनासोरची हाडं मिळाली. "बरा पा" म्हणजे बंगालीत मोठा पाय, आणि पुढचं "टागोराय" हे रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीमुळं. सांगाडा कोलकात्याला भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे.

खोरं खचलेलं आहे, त्याच्या कडा अजून कधीमधी हलतात. ४ डिसेंबर २०२४च्या सकाळी तेलंगणात मुलुगूला ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला, तो गडचिरोलीत जाणवला होता. गोदाकाठ, तुम्हाला?

गोदाकाठ (रविवार, दुपारी १.०५)

दात घासत होतो. बादलीतलं पाणी आपोआप हलायला लागलं. बायकोनं विचारलं, "तुम्ही लाथ मारली का?"

रानवाट (रविवार, दुपारी ३.३०)

नद्या सगळं ठरवतात हे अर्धंच मान्य. धानोरा, एटापल्लीकडं जंगलच ठरवतं. मी धानोऱ्याकडं शिक्षक आहे, वर्गातली हजेरी सांगतो. मार्च-एप्रिलमध्ये मोह पडतो, तेव्हा सकाळची शाळा ओस. मोहाची फुलं पहाटे गळतात. चारला उठून टोपली घेऊन झाडाखाली. अंधारात टप् टप् आवाज येत राहतो, आणि मग एक एक फूल वेचायचं, ओणवं होऊन. ऊन चढायच्या आत उचललं नाही तर गुरं, हरणं, अस्वल खातं. वाळवून पोत्यात. जूनमध्ये टोळी, म्हणजे मोहाची फळं, त्यांचं तेल. मोह संपत येतो तेव्हा तेंदू सुरू. फेब्रुवारीत बेलकटाई, म्हणजे झुडपांची छाटणी, झालेली असते, तिच्यावर आलेली कोवळी पानं. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी, आणि संध्याकाळी फळीवर (पानं गोळा करायच्या जागी) नेऊन मोजून द्यायचं. वर्षभराची रोकड या पंधरा-वीस दिवसांत. मुलांच्या वह्या त्याच पैशाच्या.

आणि याच ओणव्या अवस्थेत वाघ. वाकलेला माणूस वाघाला चार पायांचाच दिसतो, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत आहे. ताडोबा-ब्रह्मपुरीकडून वाघ नदी ओलांडून आले. वडशाकडं ज्या सीटी-१ वाघानं तीन जिल्ह्यांत मिळून तेरा माणसं मारली, तो ऑक्टोबर २०२२मध्ये पकडला.

हा वाघ पकडला त्याच्या वर्षभर आधी हत्ती आले. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये ओडिशाकडून छत्तीसगडमार्गे कळप उतरला तो थेट आमच्याकडं. कमलापूरचे सरकारी हत्ती आम्हाला माहीत होते, पण ते माहुताचं ऐकणारे. रानहत्ती कुणाचं ऐकणार? धान पिकलेला, घरात मोहाची पोती. त्याला वास येतो. भिंत ढकलून सोंड आत घालून पोतं काढतो. हत्ती पांगवायला पश्चिम बंगालमधून हुल्ला नावाची माणसं आणावी लागली होती. आमच्या गावच्या म्हाताऱ्यांनी मात्र पहिल्या दिवशी नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी त्यांची बांधी गेली, तेव्हा बोलले ते इथं लिहिता येत नाही.

बगळा (रविवार, दुपारी ३.४८)

गिधाडांचं कुणी लिहिलं नाही. कुनघाडा, मारकबोडीकडं त्यांच्यासाठी मेलेली जनावरं टाकायची राखीव जागा केली आहे, लोक तिला गिधाडांची खानावळ म्हणतात. आणि कोलामार्काची रानम्हैस! इंद्रावतीपलीकडून येते. २०१३पासून ते जंगल तिच्यासाठी राखलं आहे.

सरळमार्गी (रविवार, सायंकाळी ६.१०)

सगळं फार गोड चाललंय. मोह, कोसा, संगम. सुरजागडच्या डोंगराला भोक पाडून लाल मातीचे ट्रक अल्लापल्लीच्या रस्त्यानं रांगेनं जातात, त्यावर एक ओळही नाही. तुमच्या सागवानाचं कौतुक अयोध्येच्या दारांपर्यंत झालं. तिथल्या माणसाला काय मिळालं?

रानवाट (रविवार, सायंकाळी ७.२५)

बरोबर आहे, लिहायला हवं होतं. रस्त्याकडेच्या शाळेत फळा दुपारपर्यंत लाल होतो. पुसायचं फडकंही लाल. दुसऱ्या बाजूला, त्या धंद्यात माझे दोन जुने विद्यार्थी कामाला आहेत आणि दोघांनी घरं बांधली. मला यावर सरळ बोलता येत नाही. एवढं सांगतो: लोहाचा डोंगर आणि देवाचा डोंगर इथं वेगळे नाहीत, आणि डोंगरावरून उतरणारे ओढे शेवटी नदीतच जातात.

पण लोकांना काहीच मिळालं नाही असं नाही. माझ्याच तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २०११मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हातात आले. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथलीच. आज बऱ्याच ग्रामसभा तेंदू स्वतः विकतात. सगळ्यांना भाव नीट मिळतो असं नाही. काही वेळा ठेकेदार पैसे थकवून बसतो. पण हिशोबाची वही गावात असते. मी दोन गावांच्या वह्या लिहून दिल्या आहेत.

मेधा_ठाणेकर (रविवार, रात्री ८.००)

दिवाळीच्या सुट्टीत यायचं म्हणतोय. वडशाला गाडीतून उतरून पुढं काय बघावं?

धानबांधी (रविवार, रात्री ८.३०)

दिवाळीनंतर या. धान निघतो, गावोगाव मंडई (आमच्याकडची जत्रा) भरते आणि वडशाची नाटकं सुरू होतात. झाडीपट्टीचं नाटक रात्री दहाला सुरू होऊन पहाटे संपतं, स्वेटर आणा. मार्कंडा आणि चपराळ्याचा संगम एका दिवसात होईल. अल्लापल्लीच्या पुढं सागवानाचा एक तुकडा १९५३पासून राखलेला आहे, फक्त सहा हेक्टरचा. गळ्यात कॅमेरा असला तरी आधी झाडाला मिठी मारून बघा, हात पोचत नाहीत. वडधम आणि सोमनूरचा गोदावरी-इंद्रावती संगम गोदाकाठ दाखवतील. घाई करू नका. नकाशावर शंभर किलोमीटर दिसलं तर ते अल्लापल्ली-सिरोंचा रस्त्याला किती तास लागतात ते आधी त्यांना विचारा.

गोदाकाठ (रविवार, रात्री ९.०५)

ते रस्त्याला विचारा, मला नको. पण या. जेवायला मिरचीचं वरण असेल, ठाण्याच्या जिभेला सोसणार नाही. दही ठेवतो.

धानबांधी (मंगळवार, सकाळी ७.१०)

काल रात्री आईचा फोन. आमच्याकडं झड लागली, बोडी निम्मी भरली, आजपासून चिखलणी. पऱ्हे (धानाची रोपं) चाळीस दिवसांचे झालेत, थोडे पिवळे पडलेत, तरी रोवतील. गोदाकाठ भाऊ, तुमच्याकडं पाणी?

गोदाकाठ (मंगळवार, सकाळी ७.३५)

उतरतंय. घाटाच्या तीन पायऱ्या उघड्या झाल्या. तुमची झड परवापर्यंत इथं येईल, तोवर मोटर वर काढून ठेवतो.

गेजवाला_काका (मंगळवार, सकाळी ७.५०)

आजच काढा. आष्टी चढतंय.